वेब्ली मार्क 6, हाताने भरलेली काडतुसं आणि पंचवीस यार्डांवरचा नेम

सस्क्वेहॅनाकाठी

मंडळी, जुन्या शस्त्रांच्या धाग्यांवर आपल्याकडे इतिहास भरपूर लिहिला जातो, पण ती शस्त्रं आज चालवली तर कशी वागतात यावर फारसं काही येत नाही. म्हणून हा धागा.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला वेगळा केंद्रीय परवाना लागत नाही आणि हजारो लोक ती भरतात. भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो, शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तिथे हे करायच्या फंदात कुणी पडू नये.

रिव्हॉल्व्हर आहे वेब्ली मार्क 6, .455 बोअर, सहा इंची नळी, फ्रेमवर 1917 सालाचा शिक्का. हे मॉडेल ब्रिटिश सैन्यात 1915 मध्ये आलं, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने बनवलेलं. वरचा खटका दाबला की मधोमध मोडतं आणि सहाही रिकाम्या केसेस (काडतुसांची पितळी नळकांडी) एकदम वर उचलल्या जातात. पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणींबरोबर गेलेल्या अनेक अधिकाऱ्यांच्या कमरेलाही हाच होता.

याचं मूळ काडतूस म्हणजे 265 ग्रेनची (सुमारे 17 ग्रॅमची) शिशाची गोळी, वेग सेकंदाला साधारण 600 फूट. गोळी जड आणि संथ. फिओकीची तयार काडतुसं मिळतात, हॉर्नाडीनेही काढली आहेत, पण महाग आणि कधी मिळतील कधी नाही. मी फिओकीच्या रिकाम्या केसेस जपून ठेवून त्याच पुन्हा भरतो.

प्रश्न असा आहे. तयार काडतुसांनी पंचवीस यार्डांवर ग्रूप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरट पण समजण्यासारखा येतो. मी भरलेल्या काडतुसांमध्ये दोन प्रकार आहेत. एकात .45 साठी सर्रास मिळणारी कडक मिश्रधातूची, सपाट बुडाची गोळी. दुसऱ्यात मऊ शिशाची, पोकळ बुडाची गोळी, जुन्या लष्करी गोळीच्या घाटाची. पहिल्या प्रकारात कागदावर काही भोकं गोल पडत नाहीत, लांबट पडतात, म्हणजे गोळी आडवी होऊन लागते आहे. दुसऱ्या प्रकारात सगळी भोकं गोल आहेत, पण ग्रूपमध्ये एखादी गोळी हटकून डावीकडे जाते. पावडर दोन्हींत एकच आहे.

पावडरचं नाव आणि वजन मी इथे मुद्दाम देत नाही, कुणी विचारूही नये. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं असतं, आणि तेही आपल्या शस्त्राची अवस्था तपासल्यावर. मला चर्चा हवी आहे ती चाचणी कशी घ्यावी याची.

ओहायोकर

सगळ्यात आधी एक सांगा, सिलिंडर (सहा चेंबरचा, म्हणजे काडतुसांच्या खणांचा, फिरता भाग) मागून तासलेला आहे का? अमेरिकेत सरप्लस म्हणून आलेल्या बऱ्याच वेब्ली मागच्या बाजूने तासून .45 एसीपीसाठी (कोल्टच्या स्वयंचलित पिस्तुलाच्या काडतुसासाठी) केलेल्या आहेत. तेव्हा .455 मिळत नव्हतं आणि .45 एसीपी गल्लोगल्ली मिळत होतं.

तासलेला असेल तर फॅक्टरीचं .45 एसीपी त्यात अजिबात घालू नका. .455 चा कमाल दाब साधारण 13,000 पीएसआय, आणि .45 एसीपीची मर्यादा 21,000. म्हणजे शंभर वर्षांच्या पोलादाला प्रत्येक गोळीला प्रूफ चाचणी दिल्यासारखं होतं. मी असा चिरलेला सिलिंडर पाहिला आहे. चेंबरची बाहेरची भिंत सिलिंडरच्या खाचेपाशी (सिलिंडर जागेवर अडकवून धरणाऱ्या) सर्वांत पातळ असते, तिथून चीर गेली होती.

सस्क्वेहॅनाकाठी

ओहायोकर, तासलेला नाही. मून क्लिपमध्ये (काडतुसं बुडाशी एकत्र धरणाऱ्या पातळ चकतीत) .45 एसीपीची डमी काडतुसं अडकवून बघितली, रिव्हॉल्व्हर बंद होत नाही. वरच्या खटक्यातही खेळ नाही. वेब्लीत तो झिजला की प्रत्येक बारानंतर नळी किंचित उचकटते, मग नेमाबद्दल बोलण्यात अर्थच उरत नाही.

गणेशखिंड

माझा बंदुकीशी संबंध नाही, मी भौतिकशास्त्र शिकवतो. पण वेग कमीजास्त झाल्यामुळे ग्रूप पसरतो का, हे गणिताने बघता येईल.

25 यार्ड म्हणजे 75 फूट. वेग 600 फूट धरला तर गोळीला 0.125 सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती साधारण 3 इंच खाली पडते. वेग 650 धरला तर 0.115 सेकंद आणि साधारण 2.6 इंच. म्हणजे 50 फुटांचा मोठा फरक पडला तरी कागदावर अर्ध्या इंचाच्या आतबाहेर. तोही वर-खाली. डावीकडे जाणारी गोळी वेगाच्या फरकाने समजावता येत नाही. कारण दुसरीकडे शोधा.

ओहायोकर

सर, हिशेब बरोबर, पण रिव्हॉल्व्हरमध्ये एक उलटी गोष्ट होते. संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, आणि तोवर धक्क्याने नळीचं तोंड वर उचललं गेलेलं असतं. त्यामुळे जड, संथ गोळी बऱ्याचदा वर लागते. स्थिर साइटच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळीचं वजन बदललं की नेमाची उंची बदलते ती यामुळेच. डावी-उजवीकडचं कारण मात्र हे नाही, हे मान्य.

गणेशखिंड

हे माहीत नव्हतं. आभार. म्हणजे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काम करतात.

लेथमास्तर

पिंपरीला टूलरूममध्ये आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. हत्यार कधी हातात धरलं नाही, पण माप धरलंय.

तुमचं दुखणं पावडरीत नसून मापात आहे असं मला वाटतं. तीन मापं घ्या आणि मग बोला. एक, सहाही चेंबरच्या पुढच्या तोंडाचं, ज्याला तुम्ही लोक घसा म्हणता. पिन गेज (नेमक्या व्यासाच्या मोजणीच्या पिना) घ्या, व्हर्नियरने हे काम होत नाही. दोन, नळीच्या आत गोळीला फिरवायला कापलेल्या वळणदार खोबणीचा व्यास. तीन, गोळीचा व्यास. घसा खोबणीपेक्षा लहान असेल तर गोळी घशातून जाताना दाबली जाणार आणि नळीत सैल पडणार. मग त्या खोबण्यांचे आटे तिला धरणार कसे? सैल गोळी गरगरत जाते आणि आडवी लागते.

आणि वेब्लीच्या नळीत किती खोबण्या आहेत ते सांगा.

सस्क्वेहॅनाकाठी

मास्तर, सात खोबण्या, उजवीकडे वळणाऱ्या.

लेथमास्तर

मग मायक्रोमीटरने सरळ माप घेऊ नका, फसाल. खोबण्यांची संख्या विषम असली की एका खोबणीच्या समोर खोबण येत नाही, उंचवटा येतो. साधा मायक्रोमीटर जे दाखवेल ते खऱ्या व्यासापेक्षा कमी असेल. याला व्ही-ॲन्व्हिलचा (व्ही आकाराच्या टेकणीचा) मायक्रोमीटर लागतो, तोही सात खोबण्यांच्या कोनाचा, आणि तो सहज मिळणार नाही.

टूलरूमची जुनी युक्ती करा. नळीत मऊ शिशाचा गोळा तेल लावून लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत आरपार काढा. त्याच्याभोवती एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जाडीच्या शिमची, म्हणजे पातळ पत्र्याची, पट्टी एक वेढा गुंडाळा. घट्ट ओढा, पण शिसं चेपू देऊ नका. त्यावरून माप घ्या आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करा. शिम खोबण्यांच्या ठशांवर टेकते, त्यामुळे बाहेरचा खरा व्यास मिळतो. वेगवेगळ्या कोनांत तीन-चारदा घ्या.

करवीरकन्या

दादा, मी कोल्हापूरची, 25 मीटर पिस्तूल खेळते. आमचं .22 रिमफायर आहे, म्हणजे काडतूस बुडाच्या काठावर आघात होऊन पेटतं. ते पुन्हा भरता येत नाही, म्हणून आम्ही भरण्याऐवजी लॉट, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेली खेप, निवडतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट एकाच नळीत वेगवेगळे वागतात. काडतुसं बनवणाऱ्या एलीची बर्मिंगहॅमला आणि लापुआची जर्मनीत शोनेबेकला खास रेंज आहे. तिथे नळी शिकंज्यात बांधून लॉटमागून लॉट तपासतात, माणसाचा हात मधे येतच नाही.

यातून तुम्हाला उपयोगाची गोष्ट अशी की चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तुम्ही गोळीचा धातू आणि बूड दोन्ही एकदम बदललंय. आडवी लागते ती कडकपणामुळे की सपाट बुडामुळे, हे यातून कळणार नाही. मऊ शिशाची सपाट बुडाची गोळीही मारून बघा.

आणि चुकलेली गोळी मोजणीतून काढायची नाही. आमच्या प्रशिक्षकांचा हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. गोळी सुटायच्या आधी तुम्ही 'ही गेली' असं म्हणालात तर ठीक, कागद बघून म्हणायचं नाही.

वाचनमात्र

ताई, कोल्हापूर म्हटलं की राही सरनोबत आठवतात. 2013 ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये सुवर्ण, 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण. त्या पण लॉट तपासून घ्यायच्या का?

करवीरकन्या

त्यांचं नेमकं मला सांगता येणार नाही. पण त्या पातळीवर लॉट न तपासता उतरणारा खेळाडू सापडणं कठीण आहे.

सेंटरफायर पिस्तूलचं (ज्याचं काडतूस बुडाच्या मधोमध पेटतं) मात्र सांगते, कारण ते या धाग्याच्या जवळचं आहे. पुरुषांच्या त्या प्रकारात बहुतेक जण .32 स्मिथ अँड वेसन लाँग वापरतात, सपाट तोंडाची वॉडकटर गोळी, कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडणारी. 2006 ला दोह्यात जसपाल राणांनी याच प्रकारात 590 गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. हे काडतूस मूळचं एकोणिसाव्या शतकातल्या रिव्हॉल्व्हरचं. आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यातला .32 रिव्हॉल्व्हर हेच काडतूस मारतो, आणि त्याची रचना वेब्लीच्याच मार्क 4 वरून घेतलेली आहे. जुनं आणि संथ म्हणून कुणी कमी लेखू नये.

सस्क्वेहॅनाकाठी

मास्तर, ताई, दोघांचेही मनापासून आभार. मापं घेतली.

शिमच्या पट्टीने खोबणीचा व्यास 0.454 इंच आला. सहापैकी पाच चेंबरचे घसे 0.449 ची पिन घेतात आणि 0.450 ची घेत नाहीत. म्हणजे नळीपेक्षा घसा तब्बल पाच थाऊने लहान. कडक गोळी 0.452 ची होती. ती घशात 0.449 झाली आणि 0.454 च्या नळीत सोडून दिल्यासारखी गेली. मास्तरांनी पिंपरीत बसून जे सांगितलं ते तंतोतंत तसंच निघालं.

आता मूळ लष्करी गोळीला पोकळ बूड का दिलं होतं ते उमगतं. दारूचा दाब त्या पोकळीत शिरून बुडाची कड बाहेर फुगवतो आणि ती कड खोबणीत जाऊन बसते. घसा कितीही लहान असो, गोळी नळीत शिरताना पुन्हा नळीच्या मापाची होते. त्यासाठी शिसं मऊच हवं. कडक मिश्रधातूला एवढ्या कमी दाबात फुगायला जमत नाही. या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी, दाब आणि नळी एकमेकांसाठी बनवलेले आहेत. त्यातलं एक बदलून बाकीचं तसंच ठेवलं की नेम बिघडतो.

ताईंनी सांगितलं तसं मऊ, सपाट बुडाची गोळीही मारली. आडवी लागली नाही, पण ग्रूप पोकळ बुडाच्या गोळीइतका नेटका नव्हता, आणि नळीच्या सुरुवातीला शिसं धरलं होतं. म्हणजे मऊपणाने अर्धं काम होतं आणि उरलेलं पोकळ बूड करतं.

सहावा चेंबर मात्र वेगळा आहे. त्यात 0.450 चीच काय, 0.451 ची पिनही जाते.

लेथमास्तर

मग डावीकडे जाणारी गोळी त्याच चेंबरची आहे का ते बघा. सिलिंडरवर खुणा करा, ओरखडा नको, मार्करने आकडे टाका. प्रत्येक चेंबरला स्वतंत्र कागद लावा. एक चेंबर, एक कागद. सगळ्यांच्या गोळ्या एकाच कागदावर मारल्यात तर सहा मशीनचा माल एकाच पेटीत टाकून तपासल्यासारखं होईल.

गणेशखिंड

पूर्ण सहमत. आणि पाच गोळ्यांवर निर्णय घेऊ नका. दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर हे फार चंचल माप आहे, कारण ते फक्त दोनच भोकांवर ठरतं आणि बाकीच्यांची माहिती वाया जाते. एकच लोड (गोळी आणि पावडरची एकच जुळणी) पुन्हा पुन्हा मारला तरी पाच गोळ्यांचा एक ग्रूप दुसऱ्याच्या दुप्पट निघू शकतो, काहीही न बदलता. शिवाय दहा गोळ्यांचा ग्रूप पाचच्या ग्रूपपेक्षा सरासरीने साधारण चतुर्थांश मोठाच येणार, त्यामुळे त्यांची आपसात तुलना करता येत नाही.

त्यापेक्षा सगळ्या भोकांचा मध्यबिंदू काढा, प्रत्येक भोकाचं त्यापासूनचं अंतर मोजा आणि सरासरी घ्या. प्रत्येक गोळी मोजणीत येते. चेंबर तपासायला तर हे जास्तच सोयीचं, कारण तुम्हाला पसारा आणि मध्यबिंदू दोन्ही वेगवेगळे मिळतील. एखादा चेंबर गोळ्या एकत्रच टाकत असेल, पण भलत्या जागी.

ओहायोकर

बेंचवर कसं धरता तेही लिहा. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवली तर गोळी वेगळीकडे जाते. मनगटं पिशवीवर, रिव्हॉल्व्हर हातात, नळी मोकळी. आणि सिलिंडर व नळीच्या मधल्या फटीच्या बाजूला बोट किंवा पिशवी काहीही नको. तिथून निघणारा गरम वायू पिशवी फाडतो, बोटाचं तर विचारूच नका.

दुसरं, पावडर केसमध्ये कुठे आहे हे बघितलंत का? एवढ्या कमी दाबाच्या लोडमध्ये केस बरीचशी रिकामी असते. रिव्हॉल्व्हर खालून वर आणला तर पावडर गोळीपाशी, वरून खाली आणला तर प्रायमरपाशी (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीपाशी). वेगात चांगलाच फरक पडतो.

सस्क्वेहॅनाकाठी

हो, क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) तो फरक स्पष्ट दिसतो. म्हणून आता प्रत्येक गोळीआधी नळी वर करून हळूच टार्गेटवर आणतो, म्हणजे पावडर दर वेळी मागेच असते. याचा जुना इतिहास रंजक आहे. आधीची .455 ची केस लांब होती, काळ्या दारूच्या जमान्यातली. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आल्यावर त्या मोठ्या पोकळीत ती नीट जळेना, म्हणून 1897 च्या मार्क 2 काडतुसाची केस आखूड केली. आपण आज ज्या अडचणीशी झगडतो तीच त्यांनी केस कापून सोडवली.

याच रिकाम्या जागेमुळे सर्वांत मोठा धोकाही येतो, आणि तो मला ठळक लिहायचा आहे. एवढ्या कमी पावडरीच्या केसमध्ये चुकून दोनदा पावडर पडली तरी ती मावते, बाहेर सांडत नाही. भरताना प्रत्येक केस लाकडी ठोकळ्यात उभी करून, दिवा धरून, आत डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी गोळी बसवत नाही. त्या वेळी फोन बंद, कुणाशी बोलणं नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी तयार काडतुसं विकत घ्यावीत.

वाचनमात्र

माझ्या आजोबांच्या पेटीत .303 ची काही रिकामी पितळी काडतुसं आहेत, बुडावर के एफ असं कोरलंय. ती पण अशी भरता येतात का?

ओहायोकर

के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी, 1869 पासूनची. इकडे अमेरिकेतही संग्राहकांकडे के एफ च्या शिक्क्याच्या केसेस दिसतात, बघून बरं वाटतं. पण त्या बर्डन प्रायमरच्या असतात. आत मधोमध एक भोक नसतं, बाजूला दोन असतात, त्यामुळे नेहमीच्या हत्यारांनी जुना प्रायमर निघत नाही. शिवाय इतक्या जुन्या केसेसचं पितळ आतून खराब झालेलं असू शकतं. भरायचा विचारही नको, आणि तुम्ही भारतात असाल तर कायद्यानेही नाहीच. एखाद्या वेळी त्यात भरलेलं काडतूस सापडलं तर हात न लावता पोलिसांना कळवा. रिकाम्या असतील तर आजोबांची आठवण म्हणून ठेवायच्या की नाही, हेही ठाण्यात विचारून घेतलेलं बरं.

सस्क्वेहॅनाकाठी

चेंबरवार चाचणी झाली. सहा कागद, प्रत्येकावर त्याच चेंबरच्या गोळ्या, मऊ पोकळ बुडाची गोळी, तीच पावडर, तेच प्रायमर. दमल्यावर हात बिघडतो म्हणून चेंबरचा क्रम दर फेरीला बदलला, नाहीतर शेवटच्या चेंबरवर उगाच अन्याय झाला असता.

पाच चेंबरचे मध्यबिंदू जवळजवळ एकावर एक बसतात. मोठ्या घशाच्या सहाव्या चेंबरमधून गोळ्या विखुरत नाहीत, उलट त्या चांगल्या एकत्र लागतात, पण बाकीच्यांपेक्षा जवळपास दोन इंच डावीकडे. गणेशखिंड सरांनी म्हटलं तसंच, भलत्या जागी एकत्र. आधीच्या सगळ्या ग्रूपमधली 'भरकटलेली' गोळी हीच होती. ती वगळून टाकली असती तर हे कधीच हाती लागलं नसतं.

लेथमास्तर

दोन इंच डावीकडे नुसत्या दीड-दोन थाऊ मोठ्या घशाने जाणार नाहीत. तो चेंबर नळीच्या रेषेत येतो का ते बघा. ट्रिगर दाबून धरा, कारण वेब्लीत सिलिंडर पक्का होतो तो तेव्हाच. आधी रिव्हॉल्व्हर रिकामा असल्याची दोनदा खात्री करा. मग नळीच्या तोंडाकडून नळीच्या मापाचा सरळ दांडा आत सरकवा. पाच चेंबरमध्ये सहज जाईल आणि सहाव्यात कडेला अडेल, तर दोष त्या चेंबरच्या खाचेत आहे. खाच झिजली की सिलिंडर अगदी किंचित पुढे किंवा मागे थांबतो.

सस्क्वेहॅनाकाठी

दांडा सहाव्यात अडतो, मास्तर. अगदी किंचित, पण बोटाला कळतो. खाचेची एक कड भिंगातून बघितली तर गोलसर झाली आहे.

ओहायोकर

खाच भरून पुन्हा कापणारे कारागीर इथे आहेत, पण 1917 च्या मूळ सिलिंडरला वेल्डिंगची उष्णता द्यायची का, हा विचार करा. मी असतो तर दिली नसती.

सस्क्वेहॅनाकाठी

नाही देणार. या रिव्हॉल्व्हरचं मूळ पोलाद आणि त्यावरचे शिक्के मला दोन इंचांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. सहाव्या चेंबरवर मार्करची खूण कायम ठेवतो आहे. नेमाच्या चाचणीत तो रिकामा सोडून पाचच भरायचे. लोडची तुलना आता पाच चांगल्या चेंबरवरच करेन. पुढची फेरी गोळीच्या धातूची: शुद्ध शिसं एका बाजूला, आणि वीसास एक कथिल मिसळलेलं दुसऱ्या बाजूला. बाकी काहीही बदलणार नाही.

करवीरकन्या

दादा, दोन्ही एकाच दिवशी, आलटूनपालटून मारा. एक आज आणि एक पुढच्या आठवड्यात असं केलंत तर प्रकाश आणि तुमचा हात, दोन्ही बदललेले असतील. आणि कागदाच्या मागे लोडचं नाव आधीच लिहून ठेवा. पुढून कुठला कागद कशाचा ते मोजताना कळता कामा नये. मोजायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या.

सस्क्वेहॅनाकाठी

हे छान सुचवलंत. मोजायचं काम मुलीकडे देतो, ती दहावीत आहे आणि मध्यबिंदूचं गणित तिला येतं. गणेशखिंड सर, तिला काही अडलं तर इथेच विचारेन.

गणेशखिंड

अवश्य. तिला सांगा, प्रत्येक भोकाचे क्ष आणि य मिलिमीटरमध्ये घे, इंचात नको. अपूर्णांकांत गोंधळ होतो. आणि दोन भोकं एकमेकांत मिसळली असतील तर बाहेरच्या कडेवरून केंद्र काढ.